चांद्याचे बुद्धविहार

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत बौद्ध वस्ती असलेल्या बहुतेक गावांत बुद्धविहार आढळतो. कुठे तो घुमट आणि कमान असलेली पक्की इमारत असते, तर कुठे एक खोली आणि पुढे टिनाची पडवी एवढेच. दारासमोर पंचशील ध्वजाचा खांब, आत बुद्धमूर्ती आणि शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर, भिंतीलगत गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या, कोपऱ्यात पुस्तकांचे कपाट. हे विहार कोणा राजाने किंवा सावकाराने बांधून दिले नाहीत, आणि मठातल्या भिक्खूंनीही उभारले नाहीत. शेतमजूर, विणकर, कोळसा खाणीतले कामगार, प्राथमिक शिक्षक आणि कारकून यांनी वर्गणी काढून, अंगमेहनत घालून ते उभे केले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या दोन पिढ्यांत या वस्त्यांमध्ये जो बदल झाला, त्याचा मोठा वाटा या साध्या इमारतींत नेमाने भरत राहिलेल्या बैठकांकडे जातो.

धर्मस्थळाने पीडित समाजाची शाळा, सभागृह आणि मदतनिधी व्हावे, याचे जगातले सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची चर्च. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलोम जोन्स यांनी १७८७ मध्ये परस्पर मदतीसाठी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ काढली. १७९४ मध्ये ॲलन यांनी बेथेल चर्च सुरू केले, आणि १८१६ मध्ये त्यातून कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र मेथडिस्ट पंथ उभा राहिला. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मिळणारी अपमानास्पद वागणूक हे त्यामागचे कारण होते. चंद्रपूरच्या विहारांची पार्श्वभूमी वेगळी असली, तरी मुळाशी तीच गोष्ट होती. ज्या देवळाच्या पायरीवर उभे राहता येत नाही, त्या देवळाची वाट सोडून आपले स्थान आपण निर्माण करायचे, असा तो निर्णय होता.

जुना चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, जंगल आणि धानशेती यांचा. गोंड राजांची राजधानी असलेले चांदा शहर इरई आणि झरपट या नद्यांच्या काठी परकोटाच्या आत वसलेले. महाकालीचे देऊळ आणि तिची चैत्रातली यात्रा हे शहराचे धार्मिक केंद्र. जिल्ह्यात गोंड आणि कुणबी यांच्या बरोबरीने महार समाजाची संख्या मोठी होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या वतनदार महारांपेक्षा येथील परिस्थिती थोडी निराळी होती. मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत होती. गावकीची कामे होतीच, पण बरेच महार जाडेभरडे कापड विणून पोट भरत किंवा कुळाने जमीन कसत. गिरणीचे सूत आणि गिरणीचे कापड आल्यावर मागावरचा धंदा बसला. नागपूरला १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि विदर्भातल्या अनेक विणकर कुटुंबांची मुले गिरणीत कामाला लागली. गावात राहिलेल्यांसाठी उरली ती मजुरी, मेलेले ढोर ओढण्याचे काम आणि वेगळी विहीर.

१९५६ च्या आधीही या समाजात संघटनेची परंपरा होती, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय विहार एवढ्या लवकर कसे रुजले याचा उलगडा होत नाही. नागपूरजवळच्या मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली आणि पुढे ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रे चालवली. जाईबाई चौधरी यांनीही चोखामेळ्याच्याच नावाने मुलींसाठी शाळा चालवली. संत चोखोबांचे नाव त्या पिढीला आपले वाटत होते. भजनी मंडळे, कबीरपंथ, महानुभाव पंथ यांतूनही मानाची एक जागा शोधली जात होती. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि चोखोबाचा मार्ग हळूहळू मागे पडला. जुलै १९४२ मध्ये त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापनाही नागपुरातच झाली. तिच्या शाखा आणि समता सैनिक दलाची पथके विदर्भात गावोगाव पोचली. गावात सभा भरवणे, इतिवृत्त लिहिणे, वर्गणीचा हिशेब वाचून दाखवणे या सवयी अशा रीतीने दीक्षेच्या आधीच लागल्या होत्या.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि नंतर जमलेल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. दुसऱ्या दिवशी नागपुरात आणखी लोकांनी दीक्षा घेतली. त्यानंतर १६ ऑक्टोबरला ते चांद्याला आले. प्रकृती खालावलेली असताना त्यांनी हा प्रवास केला. चांद्याच्या मैदानावर जमलेल्या प्रचंड जनसमुदायाला त्यांनी त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. बाबासाहेबांच्या स्वतःच्या उपस्थितीत सामुदायिक दीक्षेचे सोहळे नागपूर आणि चांदा या दोनच ठिकाणी झाले. सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, त्यांचे निधन झाले. दीक्षेच्या वेळी चांदा हे मध्य प्रदेश राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणजे दीक्षा घेऊन घरी परतलेल्या लोकांचे राज्यही पंधरवड्यात बदलले.

योगायोग असा की त्याच सुमारास, अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार चालू होता. ५ डिसेंबर १९५५ ला सुरू झालेला हा लढा वर्षभर टिकला तो चर्चमध्ये रात्री भरणाऱ्या सभांच्या बळावर. तेथेच निधी जमे आणि तेथेच कामावर जाणाऱ्यांसाठी मोटारींची व्यवस्था ठरे. दोन्ही समाजांना एकमेकांची जाण अगदीच नव्हती असे नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्याची प्रत मागवली होती.

दीक्षेनंतरचे पहिले काम होते ते जुने टाकण्याचे. बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची उपासना न करणे, श्राद्धपक्ष न करणे, ब्राह्मणाकडून विधी करून न घेणे, चोरी न करणे, खोटे न बोलणे आणि दारू न पिणे यांचा समावेश आहे. या प्रतिज्ञा पाळायच्या तर बारसे, लग्न, मृत्यू या प्रत्येक प्रसंगासाठी नवी रीत हवी होती. बाबासाहेबांनी संकलित केलेली ‘बौद्ध पूजापाठ’ ही छोटी पुस्तिका येथे उपयोगी पडली. ४ मे १९५५ रोजी त्यांनी स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या कार्यकर्त्यांनी वंदना आणि विधी शिकवायला सुरुवात केली. दर रविवारी विहारात जाण्याचा आग्रह बाबासाहेबांनी आधीपासूनच धरला होता. नव्या माणसाला धम्माची ओळख नियमित एकत्र येण्यातूनच होईल, असे त्यामागे धोरण होते.

अडचण अशी होती की दीक्षा घेतलेल्यांच्या तुलनेत भिक्खू मूठभर होते. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. एवढ्या समाजाला शिकवायला प्रशिक्षित भिक्खू येणार कोठून? अमेरिकेतल्या चर्चमध्ये पाद्री हा समाजाचा पूर्णवेळ पुढारी असे. त्याचे शिक्षण आणि वेतन मंडळी सांभाळत. चांद्याच्या वस्त्यांत ते शक्य नव्हते. म्हणून गावातल्या शिकलेल्या माणसाने ही जबाबदारी घेतली. दिवसा झेडपीच्या शाळेत शिकवणारा किंवा रेल्वेत, वनखात्यात, टपालात नोकरी करणारा माणूस संध्याकाळी पांढरे कपडे घालून वंदना आणि विधी चालवणारा बोधाचार्य झाला. या उणिवेतून एक मोठा लाभ झाला. धर्मकार्य कोणत्याही एका वर्गाच्या ताब्यात गेले नाही आणि अक्षरओळख हीच विहारातल्या मानाची पायरी ठरली. वाचता येणारा मुलगा पुढे बसू लागला. त्याच्या वडिलांना अंगठा करावा लागत असला तरी पोरगा सभेत पुस्तक वाचतो, याचे मोल त्या घराला कळत होते.

वस्तीतल्या विहाराचा वर्षक्रम ठरलेला असतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. भिक्खूंसाठी सांगितलेला हा पावसाळ्यातला मुक्काम विदर्भातल्या उपासकांनी ग्रंथवाचनाचा काळ केला. या दिवसांत धानपट्ट्यात रोवणी आणि निंदणीचे काम जोरात असते. बाया दिवसभर बांधीत कमरेत वाकून रोवणी करतात, घरी येऊन स्वयंपाक उरकतात आणि रात्री आठच्या सुमारास विहारात जमतात. मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते, बुद्धवंदना होते, मग ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाची दोन-चार पाने मोठ्याने वाचली जातात. मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मराठी अनुवाद आल्यावर तो खेड्यात पोचला. वाचणारी बहुतेकदा शाळेत जाणारी मुलगी किंवा नवी सून असते. अडलेला शब्द कोणी समजावतो, कोणी प्रश्न विचारतो, एखादी म्हातारी स्वतःच्या आयुष्यातला दाखला देते. वर्षावासाच्या समारोपाला भोजनदान असते आणि त्याच बैठकीत वर्षाच्या वर्गणीचा हिशेब होतो. ज्या समाजाला हजारो वर्षे ग्रंथ ऐकायलाही बंदी होती, त्याच्या वस्तीत तीन महिने रोज एक पुस्तक वाचले जाते, ही घटना कोणत्याही पुतळ्यापेक्षा मोठी आहे.

वर्गणीतून विहार चालतो आणि विहारातून वस्तीचे व्यवहार. बऱ्याच गावांत मोठे गंज, पराती, सतरंज्या आणि मंडपाचे सामान विहाराच्या मालकीचे असते. लग्नाला, मरणाला ते वस्तीतल्या घरांना मिळते. त्यामुळे भाड्याचा खर्च वाचतो आणि मयताच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. लग्नाचा विधी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर, त्रिशरण-पंचशील घेऊन, तासाभरात आटोपतो. मुहूर्त पाहायचा नाही, दक्षिणा द्यायची नाही. कर्ज काढून लग्न करण्याची चाल पूर्ण थांबली नाही, पण साधे लग्न हे कमीपणाचे राहिले नाही. सोमवंशी, बावणे, लाडवण, कोसरे अशा पोटजातींच्या भिंतीही याच व्यासपीठावर पाडायच्या होत्या. एका सतरंजीवर बसून वंदना म्हणणाऱ्यांनी सोयरीक मात्र पोटजात पाहून करायची, यातली विसंगती कार्यकर्त्यांनी सातत्याने बोलून दाखवली आणि नव्या पिढीत हे भेद बरेचसे विरले.

मेलेले ढोर ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडणे सोपे नव्हते. गावकीचे काम नाकारले म्हणजे गावाशी वैर, मजुरी बंद, वाट बंद. अशा वेळी एकट्याने टिकणे शक्य नव्हते. वस्तीची बैठक विहारात किंवा विहार बांधला जाण्याआधी त्याच्या नियोजित जागेवर भरे आणि निर्णय सर्वांचा असे. जातपंचायतीचे जुने अधिकार अशा रीतीने वस्तीच्या समितीकडे आले. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की पंचायतीचे बळ दंड आणि वाळीत टाकणे यांत होते, तर समितीचा भर प्रतिज्ञेची आठवण करून देण्यावर राहिला.

शिक्षणाच्या बाबतीत चंद्रपूर शहरातील दीक्षाभूमीचे महत्त्व वेगळे सांगायला हवे. जेथे दीक्षेचा सोहळा झाला, त्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मेमोरियल सोसायटीने स्मारकाबरोबर महाविद्यालय उभे केले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही असेच महाविद्यालय आहे. स्तूपाच्या सावलीत वर्गखोल्या, हे दृश्य या चळवळीची ओळखच आहे. अमेरिकेत विल्बरफोर्स विद्यापीठ १८६३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चने विकत घेऊन चालवले, त्याच प्रकारचे हे काम. गडचिरोली, आरमोरी, मूल, सिंदेवाही अशा भागांतल्या ज्या मुलांना नागपूर किंवा औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत जाणे परवडत नव्हते, त्यांना चंद्रपुरात पदवी घेता येऊ लागली.

चंद्रपूरच्या चळवळीचे सर्वांत मोठे नाव म्हणजे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. भाऊराव देवाजी खोब्रागडे हे त्यांचे पूर्ण नाव, जन्म १९२५ चा, चांद्याचाच. लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर ते फेडरेशनच्या आणि पुढे ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या पहिल्या फळीत होते. १९५८ पासून तीन वेळा ते राज्यसभेवर गेले आणि १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. चांद्याच्या दीक्षासोहळ्याच्या आयोजनात आणि पुढे दीक्षाभूमीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता.

धर्मांतराची किंमतही समाजाला मोजावी लागली. अनुसूचित जातींच्या यादीत त्या काळी केवळ हिंदू आणि शीख यांनाच स्थान होते, त्यामुळे बौद्ध झालेल्यांच्या केंद्रीय सवलती गेल्या. महाराष्ट्राने आपल्या पातळीवर सवलती चालू ठेवल्या, तरी केंद्रातील नोकऱ्यांचा आणि राखीव मतदारसंघांचा प्रश्न राहिलाच. डिसेंबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. भूमिहीनांना पडीक जमीन द्यावी आणि बौद्धांना सवलती मिळाव्यात, या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडले. ३४ वर्षांच्या या काळात जनगणनेत ‘बौद्ध’ लिहावे की दाखल्यासाठी जुनी जात सांगावी, हा पेच घराघरांत होता आणि त्याची चर्चा विहारात होत असे. नुकसान सोसूनही ‘बौद्ध’ लिहिणाऱ्यांचा निश्चय थोर होता.

उद्योग आले तसे विहारांचे दुसरे रूप तयार झाले. बल्लारपूरची कागद गिरणी, भद्रावतीची आयुध निर्माणी, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर वाढलेल्या कोळसा खाणी आणि दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र यांत बौद्ध समाजातले पुष्कळ तरुण नोकरीला लागले. कामगार वसाहतींत त्यांनी विहार बांधले. पगारी माणसाची वर्गणी मोठी, म्हणून या इमारतीही मोठ्या, आणि गावाकडच्या विहाराला मूर्ती किंवा पुस्तके अनेकदा येथूनच गेली. गावाहून शिकायला आलेल्या पोरासाठी वसाहतीतला विहार हा पहिला ओळखीचा उंबरठा होता.

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याच्या उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या धानपट्ट्यात, वडसा-आरमोरी-गडचिरोली या भागात बौद्ध वस्ती दाट आहे. दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या माडिया-गोंड मुलखात ती विरळ आहे, तेथे गावाचे सामुदायिक जीवन गोटुल (तरुणांचे सामूहिक घर) आणि ग्रामसभा यांभोवती चालते. झाडीपट्टीचा रंगमंचही या भागाचा प्राण आहे, आणि विहारातून घडलेल्या गायन पार्ट्यांनी बुद्ध-भीमगीते गावोगाव नेली. निरक्षर माणसापर्यंत बाबासाहेबांचे चरित्र पोचले ते गाण्यांतून. त्याच मुलखात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाईची सवय लावली होती. त्यामुळे रोज संध्याकाळी गावाने एकत्र बसण्याची कल्पना येथे परकी नव्हती.

या भूमीचे बौद्ध धर्माशी नाते जुने आहे. चंद्रपूरजवळच्या भद्रावतीला, जुन्या भांदकला, विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत. लांब दालनांच्या टोकाला मोठ्या आसनस्थ बुद्धमूर्ती आहेत. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या स्थळाची नोंद घेतली. दीक्षेनंतर या लेण्यांत पुन्हा वंदनेचे सूर घुमू लागले. आपण नवा धर्म घेतला नसून हरवलेला परत मिळवला, ही भावना बळावण्यास अशी स्थळे कारण झाली.

स्त्रियांचा प्रश्न मात्र अर्धा सुटला. विहार झाडणे, वंदना चालवणे, वर्षावास टिकवणे हे काम बहुतांशी उपासिकांचे. विहारातल्या महिला मंडळांतून अनेक बायका पहिल्यांदा सभेत उभ्या राहून बोलल्या. तरीही समितीचे अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दीर्घकाळ पुरुषच राहिले. रिपब्लिकन पक्षात फूट पडली तेव्हा तिचे पडसादही वस्तीत उमटले. एका गावात दोन जयंत्या, दोन मिरवणुका निघाल्या, आणि वर्गणीची वही दोनदा फिरली. याचा तोटा गरीब घरांनाच झाला.

एकूण परिणामाचा अंदाज जनगणनेवरून येतो. २००१ मध्ये देशातील बौद्धांची साक्षरता ७२.७ टक्के होती, तर राष्ट्रीय सरासरी ६४.८ टक्के. बौद्ध स्त्रियांत ती ६१.७ टक्के, तर देशातील सर्व स्त्रियांत ५३.७ टक्के होती. दर हजार पुरुषांमागे बौद्धांत ९५३ स्त्रिया होत्या आणि देशात ९३३. देशातील बौद्धांत महाराष्ट्रातील बौद्धांचा वाटा तीन चतुर्थांशाच्या आसपास असल्याने हे आकडे मुख्यतः दीक्षेनंतरच्या समाजाचेच आहेत. त्यामागे शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती आणि आरक्षण आहे. पण त्यांचा लाभ घ्यायला मुलाला शाळेत धाडले पाहिजे, हे दर आठवड्याला सांगणारी जागा विहार होती.

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुवर्तन दिनाचा सोहळा होतो. दोन्ही जिल्ह्यांतून आणि शेजारच्या तेलंगणातूनही लोक येतात. पुस्तकांच्या दुकानांवर गर्दी असते. अलीकडे अनेक विहारांत अभ्यासिका सुरू झाल्या आहेत. दिवसा तेथे पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात, संध्याकाळी वंदनेपुरती पुस्तके बाजूला सरतात, आणि वंदना आटोपली की अभ्यास पुन्हा सुरू होतो.